विमानाचे अंतर आणि उतारूचे अंतर

मुंबईहून नागपूर किती दूर, असे आज एखाद्या शिकलेल्या घरातील मुलास विचारले, तर तो खिशातील यंत्र काढून क्षणात उत्तर देईल : हवाई अंतर सुमारे ६८० किलोमीटर, प्रवासाचा वेळ दीड तास. विचारणाऱ्याचे समाधान होते, सांगणाऱ्याचेही होते, आणि या दोन आकड्यांनी मुंबई व नागपूर यांच्यामधला प्रश्न जणू कायमचा मिटला अशा भावनेने दोघेही आपापल्या उद्योगास लागतात. हे आकडे खोटे आहेत असे आम्ही म्हणत नाही. खोटा आकडा एक वेळ परवडतो, कारण तो कधी ना कधी उघडकीस येतो. पण जो आकडा खरा असून भलत्याच गोष्टीचा असतो, तो मोठमोठ्यांची दिशाभूल करतो. ६८० किलोमीटर हे दोन विमानतळांमधले अंतर आहे आणि दीड तास हा विमानाचा वेळ आहे. माणसाचा प्रवास या दोहोंपैकी कशातही मावत नाही. तरीही माणसाच्या सोयीच्या योजना, त्यांच्या जाहिराती आणि त्यांबद्दलची सारी आत्मस्तुती याच दोन आकड्यांवर उभारली जात आहे. या प्रघाताविरुद्ध आम्हांस आज स्पष्टपणे बोलावयाचे आहे.

प्रथम अंतराचा विचार करू. पृथ्वी गोल आहे. तेव्हा तिच्या पाठीवरील दोन ठिकाणांमधला सर्वांत जवळचा मार्ग म्हणजे पृथ्वीच्या केंद्राभोवती काढलेल्या मोठ्या वर्तुळाचा कंस, हे भूमितीचे तत्त्व निर्विवाद आहे. प्रत्येक विमानतळाच्या आवारात एक बिंदू त्याचे अधिकृत स्थान म्हणून ठरविलेला असतो. अशा दोन बिंदूंचे अक्षांश-रेखांश घेऊन त्यांमधला कंस मोजला, म्हणजे ‘हवाई अंतर’ निघते. परंतु या कंसावरून तंतोतंत असे विमान सहसा जात नाही. मुंबईची मुख्य धावपट्टी पूर्वपश्चिम आहे. विमानास उडताना वारा समोरून हवा असतो आणि मुंबईचा वारा बहुधा समुद्रावरून येतो; म्हणून वर्षाचा बराचसा काळ विमाने पश्चिमेकडे तोंड करून उडतात. नागपूर तर पूर्वेस! म्हणजे नागपूरचा उतारू आधी अरबी समुद्राचे दर्शन घेतो, मग विमान वळसा घेते, आणि जेथून निघालो तेच शहर पुन्हा मागे टाकल्यावर खरी वाटचाल सुरू होते. परत येताना निराळाच प्रकार. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींस छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. गर्दीच्या घटकेस खालून अनुज्ञा मिळेपर्यंत विमानास आकाशात घिरट्या घालाव्या लागतात. या वळशांनी मूळ अंतरात फार मोठी भर पडत नाही हे आम्ही जाणतो. सांगावयाचे एवढेच की, ज्या आकड्यास लोक वेदवाक्य मानतात तो विमानाच्याही वाटेचा नेमका आकडा नव्हे. मग उतारूच्या वाटेचा तो कोठून असणार?

आता वेळेचा आकडा पाहू. अंतरास तासाला सुमारे ८०० किलोमीटर या वेगाने भागावे, चढण्या-उतरण्याबद्दल अर्धा तास मिळवावा, आणि येईल ते उत्तर प्रवासाचा वेळ म्हणून छापावे, अशी या तक्त्यांची सर्वसाधारण रीत दिसते. या हिशेबाने मुंबई-नागपूरचे उत्तर एक तास वीस मिनिटे येते. पण वरच्या हवेतील वारा या भागाकारास विचारून वाहत नाही. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेचे वारे जोरात असतात, त्यामुळे नागपुरास जाताना विमानास पाठीवर थाप मिळते आणि परतताना छातीवर धक्का बसतो. शिवाय सर्व विमाने सारख्या वेगाची नसतात. अमरावतीजवळचा बेलोऱ्याचा विमानतळ १६ एप्रिल २०२५ रोजी सुरू झाला तो पंख्यांच्या लहान विमानाने. असे विमान तासाला ५०० किलोमीटरांच्या आसपासच जाते. म्हणजे अमरावती मुंबईस नागपूरपेक्षा जवळ असूनही विमानाच्या तासांत ती जवळ ठरतेच असे नाही. भागाकार करणाऱ्यास हे माहीत नसते, आणि तो करून घेणाऱ्यास ते जाणून घेण्याची गरज वाटत नाही.

कंपन्यांच्या वेळापत्रकातील वेळ यापेक्षा अधिक असते. विमान आपल्या जागेवरून हलले त्या क्षणापासून दुसऱ्या गावी जागेवर जाऊन स्थिर झाले त्या क्षणापर्यंत ती मोजतात. ही पद्धत अधिक प्रामाणिक आहे, परंतु येथेही एक खुबी आहे. ठरलेल्या वेळेच्या १५ मिनिटांच्या आत निघाले वा पोहोचले ते विमान ‘वेळेवर’ असे धरण्याचा सर्वत्र रिवाज आहे. आणि ठरलेली वेळ कोणती, हे कंपनीच आपल्या वेळापत्रकात लिहिते. परीक्षार्थ्यानेच उत्तीर्णतेचे गुण ठरवावे, असा हा मामला आहे. सव्वा तासाच्या कामास पावणेदोन तास लिहून ठेवले, म्हणजे उशीर होऊनही विमान वेळेच्या आधी येते, आणि उतारू मात्र ‘आज लवकर पोहोचलो’ म्हणून संतोष पावतो. गर्दीच्या विमानतळासाठी थोडी सैल वेळ धरणे गैर आहे असे कोणी म्हणणार नाही. पण मग वेळेवर येण्याचे जे शेकडेवारी आकडे अभिमानाने प्रसिद्ध होतात, ते विमानांच्या तत्परतेचे की वेळापत्रकाच्या ऐसपैसपणाचे, हे ओळखण्याचे साधन सामान्य माणसापाशी नसते.

येथवरचा सर्व हिशेब विमानाचा झाला. आता माणसाचा करू. गिरगावातले एक कुटुंब नागपुरास धरमपेठेत लग्नाला निघाले आहे अशी कल्पना करा. बरोबर वृद्ध वडील आहेत, एक लहान मूल आहे, आहेराचे सामान आहे. घरापासून विमानतळापर्यंत एक तास. विमानतळावर दोन तास आधी यावे अशी सूचना असते. सामान देण्याची खिडकी एक तास आधी बंद होते आणि विमानात शिरण्याचे दार २५ मिनिटे आधी. तेव्हा ही सूचना मोडण्याचे धाडस कुटुंबवत्सल माणूस करीत नाही. ओळखपत्र, रांग, झडती, पुन्हा रांग. पुढे विमानाचा तो सुप्रसिद्ध दीड तास. मग सामानाच्या पट्ट्यापाशी अर्धा तास आणि तेथून लग्नघरी अर्धा तास. एकूण साडेपाच तास झाले. त्यांत विमानाचा वाटा एक चतुर्थांशाहून किंचित अधिक, आणि त्यातही प्रत्यक्ष आकाशात घालविलेला वेळ आणखी कमी. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो हाच. एवढे करून हे कुटुंब नागपूर शहरातच थांबणारे आहे. गडचिरोलीस जाणाऱ्यास नागपुराहून पुढे पावणेदोनशे किलोमीटरांच्या आसपास रस्ता तुडवावा लागतो. त्याच्या प्रवासात विमानाचा दीड तास शोधूनही सापडत नाही.

कोणी विचारील, यात नवीन ते काय सांगितले? प्रवासास घरून निघावे लागते हे शेंबड्या पोरासही ठाऊक आहे. ठाऊक आहे खरे. पण ठाऊक असलेली गोष्ट हिशेबात धरली जाते का, हा प्रश्न आहे. मुंबईत एकाच दिवशी घडलेल्या दोन गोष्टी पाहिल्या म्हणजे याचे उत्तर मिळते. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले, आणि त्याच दिवशी कफ परेडपासून आरेपर्यंतच्या भुयारी मेट्रोचा अखेरचा टप्पाही लोकांस अर्पण झाला. नवी मुंबईचा विमानतळ जुन्यापेक्षा आग्नेयेस असल्यामुळे नागपुरास सुमारे १५ किलोमीटरांनी जवळ आहे. तक्ते करणाऱ्यांनी हे अंतर तत्काळ नोंदविले. पण बोरिवलीच्या माणसाने तेथून जावयाचे ठरविले, तर त्यास पन्नास किलोमीटरांच्या आसपास रस्ता आधी कापावा लागेल. म्हणजे कागदावर अंतर घटले आणि माणसाची वाट लांबली. पनवेल, उलवे, खारघर येथील लोकांची वाट खरोखर आखूड झाली, हेही तितकेच सत्य आहे. पण तक्त्यातील आकडा बोरिवलीकरास आणि पनवेलकरास एकच.

उलट मेट्रोचे पाहा. तिने गिरगाव, काळबादेवी, वरळी, दादर येथील लोकांस रस्त्यावरची कोंडी चुकवून विमानतळाच्या दाराशी नेण्याची सोय केली. विमानाचा वेग तसूभरही न वाढता मुंबईकराचा नागपूरचा प्रवास त्या दिवशी लहान झाला. विमानाच्या अंतराच्या आणि वेळेच्या तक्त्यात मात्र या सुधारणेची नोंद शून्य! जो हिशेब उतारूचा वेळ वाचविणाऱ्या कामाकडे ढुंकूनही पाहत नाही, आणि काहींचा वेळ वाढविणाऱ्या बदलास ‘अंतर घटले’ म्हणून मिरवितो, तो हिशेब कोणाच्या सोयीचा आहे हे वाचकांनीच ठरवावे.

असल्या हिशेबाने काय अनर्थ होतो याचे एक उदाहरण कॅनडात घडून गेले आहे. माँट्रिअल शहरासाठी मिराबेल येथे ४ ऑक्टोबर १९७५ रोजी एक प्रचंड विमानतळ सुरू करण्यात आला. शहरापासून तो ५० किलोमीटरांहून दूर. त्यास शहराशी जोडणारी जलद आगगाडी योजिली होती, पण ती कधी बांधलीच गेली नाही. परदेशची विमाने मिराबेलला आणि देशातली जुन्या विमानतळावर, अशी वाटणी केल्यामुळे विमान बदलणाऱ्या उतारूस एका विमानतळावरून दुसऱ्यावर जाण्यासाठी रस्ता धरावा लागे. विमानांच्या हिशेबात कोठेही चूक नव्हती. धावपट्ट्या उत्तम होत्या. पण लोकांचा हिशेब वेगळा होता आणि अखेर तोच खरा ठरला. २००४ साली मिराबेलहून उतारूंचे अखेरचे विमान सुटले आणि पुढे ती भव्य इमारतही पाडण्यात आली. आपल्याकडे गावापासून दूर माळरानावर विमानतळ आखताना धावपट्टीची लांबी आधी ठरते, आणि तेथवर जाण्याच्या साधनाचे ‘पुढे पाहू’ म्हणून सांगण्यात येते. ज्यांना हे शहाणपणाचे वाटते त्यांनी मिराबेलचा इतिहास एकदा वाचावा.

आणि आपल्या देशास हे शहाणपण कधीच नव्हते असेही नाही. ३० जानेवारी १९४९ रोजी रात्रीच्या हवाई टपालाची योजना सुरू झाली, तिचे केंद्र नागपूरच होते. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून टपालाची विमाने रात्री निघत, मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरास एकत्र येत, तेथे थैल्यांची अदलाबदल होई आणि प्रत्येक विमान आपापल्या गावी माघारी जाई. त्या वेळची विमाने आजच्या मानाने संथ होती. पण योजना आखणाऱ्यांनी विमान किती तासांत उडते एवढेच पाहिले नाही. संध्याकाळी पेटीत पडलेले पत्र दुसऱ्या दिवशी वाचणाऱ्याच्या हाती कसे पडेल हे पाहिले. पेटी बंद होण्याची वेळ, विमान सुटण्याची वेळ, थैल्या बदलण्याची वेळ आणि सकाळी टपाल वाटण्याची वेळ, या चारही कड्या एकमेकींत अडकविल्या, तेव्हा ती साखळी झाली. कागदाच्या पत्रास जो मान १९४९ साली मिळाला, तो जिवंत उतारूस आज का मिळू नये, हा आमचा साधा प्रश्न आहे.

येथे खरे घोडे पेंड खाते ते असे. दीड तासाच्या आकड्याने नुसत्या उतारूची फसगत झाली असती, तर आम्ही लेखणी हाती घेतली नसती. शहाणा उतारू दोन वेळा फसून तिसऱ्या वेळी सावध होतो. परंतु हा आकडा राज्यकारभारात शिरला आहे. २०१६ साली जाहीर झालेल्या ‘उडान’ योजनेत सुमारे ५०० किलोमीटरांच्या, एक तासाच्या उड्डाणास अडीच हजार रुपये भाडे असे माप ठरविण्यात आले. हेतू चांगला होता, आणि लहान गावांस विमान मिळाले याचा आम्हांस आनंदच आहे. पण माप विमानाच्या तासाचेच राहिले. ते विमान आठवड्यातून किती वारी सुटते, गावातून विमानतळावर जावयास वाहन आहे की नाही, एक फेरी रद्द झाली तर उतारूने दुसरीची वाट किती दिवस पाहावी, या गोष्टी या मापात येत नाहीत. आठवड्यातून तीनच दिवस सुटणारे विमान चुकले, तर एका तासाचे अंतर दोन-तीन दिवसांचे होते.

याहून मोठे नुकसान आगगाडीचे झाले आहे. मुंबई ते नागपूर लोहमार्ग ८३७ किलोमीटरांचा. जलद म्हणविणाऱ्या गाड्यांस तो कापावयास ११ ते १४ तास लागतात. याविषयी तक्रार करू जावे, तर ‘घाई असेल त्याने विमानाने जावे, दीड तासाचे तर काम’ असे उत्तर तयार असते. दीड तास या दोन शब्दांनी अकरा तासांची लाज झाकली जाते. स्पेनमध्ये माद्रिद आणि बार्सिलोना यांच्यामध्ये फेब्रुवारी २००८ मध्ये ६२१ किलोमीटरांचा जलद लोहमार्ग पूर्ण झाला आणि तेथील गाडी अडीच तासांत पोहोचू लागली. विमानास सव्वा तास पुरे. तक्त्यात पाहावे तर विमान दुपटीने जलद. तरीही त्या वाटेवरचे बहुसंख्य उतारू पुढे आगगाडीकडे वळले, कारण तिची दोन्ही टोके भर वस्तीत आहेत आणि तिच्यासाठी दोन तास आधी हजर राहावे लागत नाही. तेथील लोकांनी उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंतचा वेळ मोजला. आपणही तसा मोजू लागलो, तर मुंबई-नागपूरच्या गाडीचे ११ तास सहा-सात करणे हे काम किती निकडीचे आहे हे ध्यानी येईल. आणि ते झाल्यास विमानाच्या साडेपाच तासांशी गाडीची बरोबरी कशी लागते हेही दिसेल.

आमच्या या म्हणण्यावर काही आक्षेप येतील. शहरातील कोंडीस विमान कंपनी कशी जबाबदार, असा एक. ती जबाबदार नाही, हे कबूल. पण म्हणूनच प्रवासाचा वेळ सांगण्याचा मक्ता तिच्याकडे किंवा तिच्या आकड्यांची उजळणी करणाऱ्यांकडे असू नये. दुसरा आक्षेप असा की, प्रत्येकाचे घर निराळ्या ठिकाणी, तेव्हा घरापासूनचा वेळ छापावा कसा? हा आक्षेप करणाऱ्यांच्या खिशात जे यंत्र असते, ते घरापासून भाजीबाजारापर्यंतचा वेळ मिनिटांत सांगते. त्यास विमानतळच तेवढा अवघड जावा हे नवल! शहराच्या चार दिशांच्या चार ठिकाणांपासूनची सरासरी वेळ देणे तर कागद-पेन्सिलीनेही जमेल. तिसरा आक्षेप, आम्ही विमानाचे वैरी आहोत. तसे मुळीच नाही. आजारी आईच्या उशाशी रात्रीच्या आत पोहोचविणारे विमान हे मानवी बुद्धीचे थोर फळ आहे, आणि साडेपाच तास हे अकरा तासांहून थोडे आहेत हे आम्हांसही मोजता येते. आमचा वाद विमानाशी नसून त्याच्या नावाने चाललेल्या अर्धवट हिशेबाशी आहे.

नागपूरच्या बाबतीत या हिशेबास आणखी एक बाजू आहे. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भ महाराष्ट्रात येण्याची जी बोलणी झाली, तीत राज्याचे सरकार दरवर्षी काही काळ नागपुरास जावे आणि विधिमंडळाचे एक अधिवेशन तेथे भरावे असे ठरले. राजधानी दूर पडते ही भीती त्यामागे होती. आज त्या भीतीचा उल्लेख केला, की मुंबईकर मंडळी दीड तासाचा दाखला देऊन हसतात. ज्यास सरकारी मोटार विमानाच्या शिडीपर्यंत नेते त्याच्यापुरता तो दाखला कदाचित खराही असेल. परंतु गडचिरोलीचा जो शेतकरी मंत्रालयात आपला कागद कोठे अडला हे विचारावयास निघतो, त्यास विमानाचे तिकीट परवडत नाही आणि गाडीत जागा मिळत नाही. त्याच्या लेखी राजधानी १९५३ साली जितकी दूर होती त्याहून फारशी जवळ आलेली नाही. राज्य चालविणाऱ्यांचे अंतर एक आणि राज्यात राहणाऱ्यांचे अंतर दुसरे, अशी दोन अंतरे ज्या राज्यात पडतात, तेथे गाऱ्हाणी वरपर्यंत पोहोचत नाहीत यात आश्चर्य ते कसले?

तेव्हा आमचे मागणे थोडक्यात असे आहे. विमानाच्या वेळेशेजारी उतारूचा वेळही छापला जावा; नवा विमानतळ मंजूर करताना तेथवर जाण्याच्या लोकवाहनाची मंजुरी त्याच कागदावर असावी आणि दोन्ही एकाच दिवशी सुरू व्हावीत; लहान गावांच्या विमानसेवेचे मूल्यमापन आठवड्याच्या वारांवरून आणि रद्द झालेल्या फेऱ्यांवरून व्हावे; आणि कोणत्याही जिल्ह्यास ‘तुम्ही आता दीड तासावर आला आहात’ असे सांगण्यापूर्वी त्या जिल्ह्यातील सामान्य मनुष्यास घरून निघून मुंबईत कामाच्या ठिकाणी पोहोचावयास किती तास आणि किती रुपये लागतात, हे मोजून जाहीर करावे. यांपैकी एकाही मागणीस नवे विमान लागत नाही. लागते ती मोजपट्टी घराच्या उंबरठ्यापाशी धरण्याची तयारी. वाचकांनीही पुढल्या प्रवासात घरून निघाल्याची आणि मुक्कामी पोहोचल्याची वेळ टिपून ठेवावी, आणि कोणी दीड तासाची बढाई मारू लागला तर तो कागद त्याच्यापुढे ठेवावा.